साष्टीच्या रानातली शिकार

मुंबई उपनगरांच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे रान आहे. पश्चिमेला बोरिवली-गोरेगाव, पूर्वेला मुलुंड-भांडुप. सांबर, चितळ, भेकर, रानडुक्कर आणि ससा ही इथली जनावरे. साष्टी बेटावरच्या या रानात पूर्वी दोन प्रकारची शिकार होई. वारली, मल्हार कोळी, कातकरी पोटासाठी करत. मासे, खेकडे, कंद यांच्या जोडीला ते मांस असे. साहेब आणि धनिक हौसेखातर करत. विहार तलावाजवळ १९२९ साली वाघ मारल्याची नोंद आहे.

मोठ्या जनावरासाठी हाका घालत. हाकारे आरडाओरड करत रान उठवत आणि शिकारी जनावराच्या वाटेवर दबा धरून बसे. सशाला वाघर म्हणजे जाळे, पाखरांना गलोल, बाकीच्यांना फासा. कोकणातल्या रिवाजाप्रमाणे हाक्यातल्या प्रत्येकाला वाटा मिळे.

रानडुक्कर सोलण्याऐवजी जाळावर भाजून त्याचे केस खरवडतात. ही रीत जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त डुकराचे केस काढण्याच्या दोन तऱ्हा दिल्या आहेत: अंगावर कापड टाकून कढत पाणी ओतणे किंवा गवताच्या जाळावर भाजणे.

रानातले जनावर सतत धावते-चरते. त्यामुळे मांसात चरबी कमी, रंग गडद, धागा चिवट आणि वास उग्र. म्हणून ते मंद आचेवर बराच वेळ शिजवतात आणि आले-लसूण, भाजलेला कांदा, सुके खोबरे व तिखट यांचे वाटण सढळ हाताने घालतात. रानडुकराच्या मांसात ट्रिकिनेला हा कृमी असू शकतो. मांस आतपर्यंत निदान ७१ अंश सेल्सिअस तापले की तो धोका टळतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला. त्यात मारण्याबरोबर पकडणे, विष घालणे, फासा लावणे आणि या सगळ्याचा नुसता प्रयत्नही ‘शिकार’ ठरतो. संरक्षित प्राण्याचे मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षे कैद होते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यासोबतचा किमान दंड २५ हजार रुपये आहे.

तरीही चोरटी शिकार थांबलेली नाही. दुचाकीच्या क्लचवायरचा फासा स्वस्त असतो, आवाज करत नाही आणि सावज निवडत नाही. २०१८ च्या अखेरीस गोरेगावच्या चित्रनगरी परिसरात अशाच फाशांत सांबर आणि बिबट्या मेलेले आढळले. फासा दिसल्यास वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवता येते. खवय्यांसाठी पाळलेली जपानी लाव, गावठी कोंबडी आणि बोकड हे कायदेशीर पर्याय आहेत. वाटण तेच चालते, शिजायला वेळ मात्र कमी लागतो.