विनाशिका

विनाशिका : नौसेनेतील वेगवान, लांब पल्ल्याची व अनेक प्रकारची शस्त्रे वाहणारी युद्धनौका. मोठ्या युद्धनौकांना पाणतीर-नौकांपासून (टॉर्पेडो सोडणाऱ्या छोट्या, चपळ नौकांपासून) असलेला धोका टाळण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रकार निर्माण झाला. ब्रिटिश नौसेनेची ‘हॅव्हॉक’ (१८९३) ही आद्य विनाशिकांपैकी एक. तिचे विस्थापन सु. २४० टन होते. आजच्या अनेक विनाशिका ६,००० ते १०,००० टनांच्या असतात. नाव तेवढे जुने राहिले आहे.

विनाशिकेला जाड चिलखत नसते. वेग, इंधन व शस्त्रे यांसाठी त्या वजनाचा त्याग केलेला असतो. त्यामुळे शत्रूचा मारा वेळीच हेरणे हाच तिचा खरा बचाव होय. पृथ्वीच्या वक्रतेमुळे लाटांलगत येणारे क्षेपणास्त्र २५ मी. उंचीवरील रडारलाही सु. ३० किमी. अंतरावर प्रथम दिसते. ते जवळजवळ ध्वनीच्या वेगाने येत असेल, तर प्रतिकाराला जेमतेम दीड मिनिट मिळते. फॉकलंड युद्धात ४ मे १९८२ रोजी ‘शेफील्ड’ या ब्रिटिश विनाशिकेवर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळले, तेव्हा तिने प्रतिकारार्थ एकही शस्त्र डागले नव्हते. आगीत २० जण मृत्युमुखी पडले व १० मे रोजी ती बुडाली.

नंतरच्या अभिकल्पांत रडार, संगणक व क्षेपणास्त्रे यांची सांगड अधिक घट्ट घातलेली आढळते. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली व २१ नोव्हेंबर २०२१ रोजी भारतीय नौसेनेत दाखल झालेली ‘विशाखापट्टणम’ हे याचे ठळक उदाहरण. लांबी १६३ मी., विस्थापन सु. ७,४०० टन. चार वायू टरबाइनांच्या बळावर ती ३० नॉटपेक्षा अधिक वेग गाठते. शत्रूच्या रडारलहरी त्याच दिशेने परतू नयेत, म्हणून तिच्या भिंती तिरप्या ठेवल्या आहेत. नौकांवरील व भूमीवरील लक्ष्यांसाठी ब्राह्मोस, तर विमाने व येणारी क्षेपणास्त्रे पाडण्यासाठी ३२ बराक-८ क्षेपणास्त्रे तिच्यावर आहेत. दोन्ही उभ्या नळ्यांतून सुटतात. पाणबुड्यांविरुद्ध सोनार, पाणतीर, अग्निबाण व हेलिकॉप्टर यांचा उपयोग होतो.

उभ्या नळ्यांतील साठा संपला की तो भर समुद्रात पुन्हा भरणे अतिशय अवघड असते. त्यासाठी नौकेला सामान्यतः बंदरात परतावे लागते.