दुहेरी परदेश

परदेशगमन आतां आपल्या घरांना नवें राहिलेलें नाहीं. मुलें अमेरिकेस गेलीं कीं तेथील थंडी, अन्न व नोकरी यांची आपण आस्थेनें चौकशी करतों. परंतु ज्यांच्या मनाचा ओढा स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीकडे असतो, अशा समलिंगी स्थलांतरितांस आणखी एक परदेश ओलांडावा लागतो. त्याची वार्ता घरीं क्वचितच पोंचते. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेचें द्वार या मंडळींस प्रथमपासून उघडें होतें, असें मात्र नव्हे. १९५२ च्या कायद्यान्वयें 'मनोविकृत' ठरवून त्यांस प्रवेश नाकारला जाई. १९६५ सालीं ही बंदी अधिक स्पष्ट झाली आणि १९६७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरली. ती उठली १९९० च्या कायद्यानें. पुढें १९९४ सालीं क्यूबांतून आलेल्या एका गृहस्थाचा निकाल देशभर आधारभूत ठरविला गेला आणि स्वदेशीं छळ सोसणाऱ्यांस आश्रय मागण्याची वाट मोकळी झाली. २०१३ पासून अशा विवाहितांस जोडीदाराच्या नात्यानें व्हिसाही मिळूं लागला.

परंतु कायद्यानें दार उघडलें म्हणून मन लगेच घर करीत नाहीं. नवागतास खरा आधार स्वभाषिकांचा. खोली शोधण्यापासून आजारपणांतील पेजेपर्यंत सारें तेच पाहतात. पण त्याच मंडळींत 'लग्न कधीं?' हा प्रश्न सुटत नाहीं, आणि तेथें बोललेला शब्द आठ दिवसांत पुण्यास पोंचतो. म्हणून तो त्यांस टाळतो. बरें, तद्देशीय समलिंगी मित्रांपाशीं मन मोकळें करावें, तर 'आईबापांस स्पष्ट सांग. न मानल्यास वेगळा हो,' असा त्यांचा उपदेश! ज्याचें अर्धें चित्त घरींच आहे, त्यास तो कसा पेलावा?

या कोंडीवर उपाय म्हणून १९८६ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरांत भारतीयांनीं 'त्रिकोण' संस्था स्थापिली व नियतकालिकही काढलें. टोरोंटो व न्यूयॉर्क येथेंही तशीं मंडळें निघालीं. तेथें आपली भाषा व आपला स्वभाव यांपैकीं एकही बाहेर ठेवावा लागत नसे. आठव्या वर्षीं दिल्लीहून अमेरिकेस गेलेल्या ऊर्वशी वैद (१९५८–२०२२) तर तेथील समलिंगीयांच्या राष्ट्रीय संस्थेच्या प्रमुख झाल्या.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा कलंक पुसला. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानें विवाहास मान्यता मिळाली नाहीं. तिकडे पति-पति म्हणून नांदणारे दोघे इकडे उतरतांच कायद्यास परके होतात. निदान घरास तरी ते परके होऊं नयेत. मुलानें पत्रांत एखाद्या मित्राचें नांव वारंवार लिहिलें, तर वडीलधाऱ्यांनीं उत्तरांत त्या मित्राचेंही क्षेमकुशल विचारावें. एवढ्यानें मुलास पुढील ओळ लिहिण्याचें धैर्य येईल.