पगार अडला तर कारण लेखी मागा

मैत्रिणींनो, संजय गांधी निराधारचा पगार अडला की आपण ‘पुढच्या महिन्यात या’ ऐकून मुकाट्यानं परत येतो. आमच्या गटातल्या वहिनींच्या नणंदेचं तसंच झालं. अपंगत्व ४० टक्क्यांच्या वर, सीपीआरचा दाखला हातात, तरी अर्ज नामंजूर, तोही तोंडी! कारण लेखी मागितलं, मिळेना. मग १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. घोटाळा उत्पन्नाच्या दाखल्याचा निघाला, जुना जोडला होता. दिव्यांगांना मर्यादा वर्षाला ५० हजारांची. नवा दाखला जोडून अर्ज दिला, शिक्क्याची पोच घेतली. मंजुरी आली, पैसे मात्र नाहीत. बँकेत विचारलं, तर खात्याला आधार जोडलेलंच नव्हतं. ते आम्ही त्याच दिवशी जोडून घेतलं.