शाळेतील पुढारपण

गेल्या जूनमधली गोष्ट. शुक्रवार पेठेत आमच्या शेजारी राहणारी सातवीतली एक मुलगी संध्याकाळी धावत आली. "काका, मी आरोग्यमंत्री झाले!" गणवेशावर नवा बिल्ला चमकत होता. मी विचारले, "छान झालं. मग आता तुझं काम काय?" ती क्षणभर थबकली आणि म्हणाली, "बिल्ला लावायचा. पाहुणे आले की पुढे उभं राहायचं." "आणि पाण्याच्या टाकीची तोटी गळत असली तर?" "ते शिपाईमामा बघतात!"

मला हसू आले, पण दोष त्या मुलीचा नव्हता. हल्ली पुष्कळ शाळांतून विद्यार्थ्यांचे मंत्रिमंडळ असते, कोठे बालसंसद असते. निवडणूक होते, शपथविधी होतो, फोटो निघतो. हे सारे चांगलेच आहे. परंतु पुष्कळदा ते तेथेच संपते. आपण मुलांना पद देतो आणि काम मात्र आपल्याकडे ठेवतो.

'पुढारी' हा शब्द मुळात वाईट नाही. जो पुढे होतो तो पुढारी. आता कोणी विहिरीचा गाळ काढायला पुढे होतो, तर कोणी हार घालून घ्यायला. यांपैकी कोणता पुढारी उद्या गावाला मिळणार, हे बरेचसे आजच्या शाळेत ठरत असते.

याचा धडा आपल्याच महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी घालून दिलेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले. निरनिराळ्या जातींची, खेड्यापाड्यांतली गरीब मुले तेथे एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत. स्वयंपाक करणे, पाणी भरणे, शेतात राबणे ही कामे तीच करीत. पैशाची ओढ होती हे खरे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी तर बोर्डिंगच्या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले. पण हे केवळ गरिबीमुळे घडले असे समजू नका. स्वावलंबनातून शिक्षण, हा त्यामागचा विचार होता.

त्यातली खुबी अशी. पंक्तीला भाकरी कमी पडली, तर ते पीठ मोजणाऱ्याला त्याच दिवशी कळते. त्याला कोणी उपदेश करावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी तो पाने मोजूनच पीठ काढतो. शिवाय गावात ज्यांना एकमेकांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांची मुले येथे एकमेकांच्या हातचे जेवू लागली. समतेवरची दहा व्याख्याने जे करू शकली नसती, ते त्या चुलीने केले.

दुसरे उदाहरण अमळनेरचे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढीत. मुलांच्या खोल्या अव्यवस्थित दिसल्या, तर न बोलता स्वतः झाडून काढीत. गुरुजींच्या हातात केरसुणी पाहिल्यावर कोणता मुलगा स्वस्थ बसेल? काम हलके नसते, हे मुलांना असे दिसावे लागते.

आता तुम्ही म्हणाल, "साहेब, आमची शाळा दोनशिक्षकी. वसतिगृह नाही की शेत नाही." नसू द्या. पाण्याची टाकी आहे, परसबाग आहे, पुस्तकांची पेटी आहे, दुपारच्या पोषण आहाराची पंगत आहे. ही चार कामे चार गटांकडे सोपवा. प्रत्येक गटात पाच मुले असावीत, लहान-मोठी, मुले-मुली मिसळून. प्रत्येक गटाला एक वही आणि जेथे कुलूप आहे तेथली किल्ली द्या. शनिवारी अर्धा तास सभा घ्या. काय ठरले होते, काय झाले आणि कशात अडले, एवढे तीनच प्रश्न पुरेत. गुरुजींनी मागच्या रांगेत बसावे. महिना झाला की गट बदलावेत.

सर्वांत अवघड काम मात्र गुरुजींचे आहे. मुलांची चूक होऊ देणे, हे ते काम. आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर माढा तालुक्यातील एका गावी होते. कोठीघर मुलांच्या ताब्यात होते. तिसऱ्या दिवशी सकाळीच साखर संपली. माझा हात खिशाकडे गेला. मोठ्या कष्टाने मागे घेतला. त्या दिवशी सगळ्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला, मीही घेतला. रात्री मुलांनी आपण होऊन हिशेब मांडला. पुढे सातव्या दिवसापर्यंत साखर पुरली.

काही पथ्ये मात्र सांभाळली पाहिजेत. गुरुजींची घरगुती कामे म्हणजे विद्यार्थ्यांचे पुढारपण नव्हे. शौचालयाची बादली नेहमी ठराविक घरच्या मुलांच्याच हाती जात असेल, तर आपण भाऊरावांच्या उलट दिशेने चाललो आहोत. मुलींच्या वाट्याला रांगोळी आणि स्वागतगीत, अन् हिशेबाची वही मुलांकडे, असेही होऊ नये. आणि बोलणाऱ्या मुलांची नावे फळ्यावर लिहिण्याचे काम कोणाही मुलाला देऊ नका. त्यातून चुगलखोर तयार होतो, पुढारी नव्हे.

आता पाळी बदलण्याचा आग्रह का, ते सांगतो. आपल्या सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ. हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्यातली काही मुले अर्ध्या वर्षात आपल्या वर्गात येऊन बसतात, मागच्या कोपऱ्यात. पदे जूनमध्येच वाटून झाली, तर या मुलांसाठी काहीच उरत नाही. पाळी महिन्याची असेल, तर नव्याने आलेल्या मुलाच्या हाती पंधरा दिवसांत पुस्तकपेटीची किल्ली येऊ शकते. ज्याच्यावाचून उद्या पेटी उघडणार नाही, ते मूल उद्या शाळेत येते. शाळा सुटण्याच्या काठावर असलेल्या मुलाला एवढा धागाही पुष्कळ असतो.

आणि ही रीत आपल्या गावांना नवी नाही. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा बदलला की एक जण ती दुसऱ्याच्या गळ्यात देतो आणि दोघे एकमेकांच्या पाया पडतात. देणारा लहान होत नाही, घेणारा मोठा होत नाही. वीणा तेवढी चालू राहते. शाळेतली किल्ली अशीच हातोहात फिरली पाहिजे.