अहवालही वाजवून घ्यावा

बंगळुरूच्या उत्तरेला येलहंकात रेल्वेचा चाकांचा कारखाना आहे. १९८४ पासून इथे ओतलेली चाके देशभरच्या गाड्यांखाली धावत आली आहेत. बाहेर पडण्याआधी प्रत्येक चाकातून श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडतात. आत कुठे पोकळी किंवा चीर असली, तर लहर तिथून परत फिरते आणि चाक बाजूला काढले जाते. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो, त्याचेच हे सुधारलेले रूप.

याच येलहंकाच्या पट्ट्यातून आखलेल्या एका रस्त्याचा तांत्रिक अहवाल असा वाजवून घ्यायला मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

बंगळुरू विकास प्राधिकरणाचा ‘पेरिफेरल रिंग रोड’ म्हणजे तुमकुरू रस्त्यापासून होसूर रस्त्यापर्यंत शहराला वळसा घालणारा सुमारे ६५ किलोमीटरचा मार्ग. अशा प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी हवी असते आणि ती मिळते पर्यावरणीय परिणामांच्या अभ्यासावर, म्हणजे ईआयए अहवालावर. नोव्हेंबर २०१४ मध्ये मंजुरी मिळाली. काही नागरिक राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये लवादाने अभ्यास नव्याने करायला सांगितले, तेव्हा प्राधिकरणाने अपील केले. १७ मार्च २०२० रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांच्या पीठाने निकाल दिला: अभ्यास नव्यानेच करावा लागेल.

या निकालाचे मोल रस्त्यापुरते नाही. तांत्रिक अहवाल कसा तपासावा, याचा तो उत्तम वस्तुपाठ आहे. त्यातले बरेचसे मुद्दे कळायला अभियंता असण्याचीही गरज पडत नाही.

पहिला मुद्दा आकड्यांच्या मेळाचा. सुरुवातीच्या कागदपत्रांत तोडाव्या लागणाऱ्या झाडांची संख्या काहीशेच्या घरात होती. अंतिम अहवालात ती १६,७८५ झाली. दोन्ही कागद शेजारी ठेवले, की मोजणीत काहीतरी चुकले आहे हे शाळकरी मुलालाही दिसेल. झाडे एवढी वाढली तर पक्षी, भूजल, धूळ, गोंगाट यांविषयीचे अंदाजही बदलायला हवेत. म्हणून एका आकड्याचे बोट धरून बाकीचे निष्कर्ष तपासत जायचे असते.

दुसरा मुद्दा तारखांचा. हवा, पाणी, आवाज यांची मूळ मोजमापे डिसेंबर २००९ ते फेब्रुवारी २०१० या काळातली होती, आणि मंजुरी मागितली गेली २०१४ च्या अखेरीस. अशी माहिती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, असे पर्यावरण मंत्रालयाचे सांगणे होते. बंगळुरूसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या शहराच्या वेशीवर पाच वर्षांत काय काय बदलते, हे येलहंकाच्या कुठल्याही जुन्या रहिवाशाला विचारावे. इथल्या पुट्टेनहळ्ळी तलावावर चित्रबलाकांसारखे मोठे पाणपक्षी येतात. तलावाकाठी जानेवारीत केलेली नोंद आणि जूनमध्ये केलेली नोंद यांतही अंतर पडते. म्हणून अहवाल हातात आला की कोणती पाहणी, कुठल्या ठिकाणी, कुठल्या महिन्यात झाली, हे पान आधी उघडावे.

तिसरा मुद्दा मौनाचा. मार्गाजवळून जाणाऱ्या पेट्रोलियमच्या वाहिन्यांबाबत अहवालाने नीट विचार केला नव्हता. लिहिलेले खोडून काढणे सोपे असते. जे लिहिलेच नाही ते शोधायला परिसर ठाऊक असावा लागतो. इथे गावकऱ्याचा अनुभव तज्ज्ञाच्या पदवीइतकाच उपयोगी पडतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालाने हे फार पूर्वी दाखवून दिले होते. त्यात स्प्रूस आणि बर्च वृक्षांच्या जंगलांचे वर्णन सापडले. आंबा, काजू, ऐनाच्या कोकणात थंड प्रदेशातली ही झाडे आली कुठून? रशियातल्या बॉक्साइट खाणीच्या अहवालातला मजकूर तसाच उचलला गेला होता. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पान मन लावून वाचणारा माणूस लागतो.

अशा चुकांचे मूळ व्यवस्थेतही आहे. प्रकल्प ज्याचा, तोच सल्लागार नेमतो आणि त्याचे बिल भागवतो. सल्लागार संस्थांना आता ‘नॅबेट’ची मान्यता घ्यावी लागते, पण मान्यता संस्थेला मिळते, तिने लिहिलेले प्रत्येक पान त्यामुळे आपोआप खरे ठरत नाही. २००६ च्या अधिसूचनेत मात्र एक दार उघडे आहे. जनसुनावणी लागू असलेल्या प्रकल्पात अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो आणि सुनावणीआधी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. हे तीस दिवस वाचनासाठी आहेत. सारांशातला आकडा मूळ अहवालात शोधावा, नकाशावर आपली विहीर, ओढा, शाळा आहे का पाहावे, आणि आक्षेप पान क्रमांकासह लेखी द्यावा. जाणूनबुजून लपवलेली किंवा दिशाभूल करणारी माहिती निघाली, तर अर्ज फेटाळण्याची तरतूद याच अधिसूचनेत आहे.

निकालानंतर रिंग रोडचा अभ्यास पुन्हा झाला. २०२२ पर्यंत झाडांचा आकडा तीस हजारांच्या पुढे गेला होता.