हिंजवडीच्या शिवेवर एक पार हवा

हिंजवडीत विप्रोच्या आवारातल्या एका इमारतीत २०२०च्या जूनमध्ये ४५० खाटा लागल्या. ५ मे रोजी कंपनीने राज्य सरकारशी करार केला आणि काही आठवड्यांत, जिथे मुलं-मुली संगणकापुढे बसत तिथे कोविडचं रुग्णालय उभं राहिलं. तिकडे म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडा संकुलातही, खेळाडू राहायचे तिथे रुग्ण ठेवले गेले. मुळशी तालुक्याचा हा पूर्वेकडचा, शहराला चिकटलेला पट्टा त्या दोन वर्षांत साथीच्या ऐन तोंडाशी होता. आज तिथून जाणाऱ्याला मेट्रोचे खांब दिसतात, टँकर दिसतात, घरांच्या जाहिराती दिसतात. साथीची खूण मला कुठे आढळली नाही.

मुळशी म्हटलं की सेनापती बापट, १९२१चा सत्याग्रह, टाटांचं धरण आणि पावसाळ्यातली ताम्हिणी. ते सगळ्यांना ठाऊक आहे. हिंजवडीचा म्हातोबा आणि त्याच्या यात्रेतलं बगाड आयटीतल्या नव्या रहिवाशांनाही आता माहीत झालंय. पण या तालुक्यातल्या जुन्या गावांच्या शिवेवर आणखी एक देवता असते, तिच्याकडे सहसा कोणी पाहायला जात नाही. ती मरीआई. पटकी आली, देवी आल्या, की गाव तिच्याकडे धावायचं.

माण रस्त्याच्या बाजूच्या एका वस्तीत वयाची ऐंशी ओलांडलेले एक सुतारबाबा भेटले. आयुष्यभर औतं, बैलगाड्या, दारं-चौकटी केल्या. आता मुलगा फर्निचरचा ठेका घेतो. मरीआईचा गाडा त्यांनी लहानपणी वडिलांच्या हाताखाली केलेला. "लई मोठा न्हाई. चार चाकं, वर देवीचं ठाणं. साडी-चोळी, बांगड्या, निवद ठिवायचा. वाजतगाजत शिवंवर न्यायचा आन् सोडून यायचा. मागं वळून बघायचं न्हाई." पुढच्या गावाने तो आपल्या शिवेपलीकडे पोचवायचा. रोग असा दुसऱ्याच्या दारात ढकलणं आज आपल्याला पटणार नाही. तरी त्या रिवाजात एक शहाणपण होतं: संकट साऱ्या गावाचं, म्हणून साऱ्या गावाने एकत्र चालत जायचं. "बाबा, दोन हजार वीस साली?" मी विचारलं. ते बराच वेळ चाकावरून हात फिरवल्यासारखा हात हलवत राहिले. "त्या साली माणूस मेला तर खांदा द्यायला चार जण न्हाई. गाडा कोन काढनार?"

हेच मला सांगायचं आहे. राज्यात कोविडने सुमारे १ लाख ४८ हजार माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतल्या कितीतरी जणांचं तोंडही घरच्यांना बघता आलं नाही, दहाव्याला माणसं जमली नाहीत. जे तेव्हा राहून गेलं ते आता करायला एक जागा लागते.

आपल्याकडे साथीची आठवण फार चटकन पुसली जाते. पुण्याला १८९७चा प्लेग आठवतो तो रँड आणि चापेकरांमुळे. गणेशखिंड रस्त्यावरची ती २२ जूनची रात्र शाळेतल्या मुलालाही सांगता येते. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. पण झोपड्यांत, छावण्यांत मेलेल्या साध्या माणसांसाठी शहराने काय राखलं? १९१८च्या तापात एकट्या मुंबई इलाख्यात १० लाखांहून अधिक माणसं दगावली, त्यांचं तर नावही निघत नाही.

इतरांनी प्रयत्न केले आहेत. भोपाळच्या भदभदा विश्रामघाटात नातेवाइकांनी न नेलेली राख ट्रकांनी साठली होती. ती माती आणि शेणखतात मिसळून २०२१ मध्ये तिथेच झाडं लावली गेली. इटलीतल्या बेर्गामोमधून १८ मार्च २०२० रोजी लष्कराच्या गाड्या शवपेट्या घेऊन निघाल्या. वर्षभराने त्याच तारखेला तिथल्या मोठ्या रुग्णालयाशेजारच्या उद्यानात स्मृतिवनाचं पहिलं झाड लागलं. जागेची ती निवड मला फार योग्य वाटते. जिथे माणसं गेली, तिथेच.

मग हिंजवडीत का नको? कारंजं, रंगीत दिवे आणि मोठ्या अक्षरांतला सेल्फी पॉइंट असलेलं उद्यान मात्र नको. तशी पुष्कळ झाली. मुळशीला देवराईचा वारसा आहे. पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात केला, तेव्हा देवाच्या धाकाने राखलेली झाडी किती मोलाची हे जगापुढे आलं. तसंच एखादं एकर इथे राखावं. ताम्हण आणि बहावा लावावेत. एप्रिल-मेमध्ये, म्हणजे दुसऱ्या लाटेचा कहर ज्या महिन्यांत झाला नेमका तेव्हाच, ही झाडं जांभळी-पिवळी होतात. मधोमध वड आणि त्याला काळ्या दगडाचा रुंद पार. दहा माणसं टेकतील, कोणी पान ठेवील, कोणी नुसतं बसून जाईल. पाराची कल्पना सुतारबाबांचीच. "पाटी लावू नका, गंजती. नावं दगडात घाला," असंही त्यांनी बजावलं. माझं त्यात एवढंच म्हणणं की बराच दगड कोरा ठेवावा. परप्रांतातून आलेल्या कितीतरी मजुरांची नावं कोणत्याच यादीत नसतील, आणि काही घरांना आपलं दुःख कोरून घ्यायला आणखी दहा वर्षं लागतील.

अडचण जागेची आहे. एमआयडीसी, पीएमआरडीए आणि ग्रामपंचायत यांच्या हद्दी इथे एकमेकींत अडकल्या आहेत आणि मोकळा राहिलेला प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी नजरेत आहे. म्हणून जागा आजच राखून ठेवायला हवी. घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो, हिंजवडीच्या सोसायट्या मात्र उन्हाळ्यात टँकरवर जगतात. रोपं जूनमध्येच लावावीत आणि पहिले तीन उन्हाळे त्यांना पाणी कोण घालणार, हे उद्घाटनाची तारीख ठरवण्याआधी कागदावर लिहून घ्यावं.