ऐकणाऱ्यांची कचेरी

मुंबई-गोवा महामार्गावर पेण आणि वडखळचा नाका मागे टाकून नागोठण्याच्या पुढे गेले, की सुकेळीची खिंड लागते. या वळणावळणांच्या रस्त्यावर मध्यरात्री अपघात झाला आणि जवळच्या माणसाने मोबाईलवर रुग्णवाहिकेसाठी एकशे आठ हा क्रमांक फिरवला, तर त्याचा आवाज पेणच्या वा रोह्याच्या कोणत्याही कचेरीत न जाता सह्याद्री ओलांडून पुण्यास औंध येथील नियंत्रण कक्षात पोहोचतो. साऱ्या महाराष्ट्राची आर्त हाक अहोरात्र ऐकणारे हे दफ्तर म्हणजेही एक कॉल सेंटरच होय. परंतु तेथे विकावयाचे काहीच नसल्यामुळे त्याचे मोल निराळ्याच मापाने करावे लागते.

हैदराबादेत 15 ऑगस्ट 2005 रोजी सुरू झालेली एकशे आठची पद्धती महाराष्ट्रात 2014 च्या जानेवारीत आली. शासनाच्या आरोग्य विभागाने 937 रुग्णवाहिका उभ्या केल्या, त्यांपैकी 233 प्रगत जीवरक्षक सामग्रीच्या व 704 प्राथमिक सामग्रीच्या. प्रत्येक गाडीवर डॉक्टर असावा अशी योजना केली आणि चालवण्याचा मक्ता बीव्हीजी या खासगी कंपनीस दिला.

या साऱ्या व्यवस्थेचा पहिला भार मात्र हेडफोन लावून बसलेल्या कर्मचाऱ्यावर पडतो. काय झाले, किती जण जखमी आहेत, रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, हे त्याने भेदरलेल्या माणसाकडून काही क्षणांत काढून घ्यावयाचे. आणि ‘नक्की कुठे’ या प्रश्नाचे उत्तर तर त्याहून बिकट, कारण पेण तालुक्याच्या डोंगरातील ठाकूर-कातकऱ्यांच्या कित्येक वाड्यांना गाडीरस्ता नाही, तेथून रुग्णास झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत खांद्यावर आणावे लागते, आणि मोरीच्या अलीकडे, वडाच्या पलीकडे असा पत्ता ज्याने हा मुलूख कधी पाहिला नाही त्याला नकाशावर बसवावा लागतो. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतून फोन आला, तर जखम भाजल्याची की विषारी वायूची, हेही आधी उमगावे लागते.

इतके करून गाडी रवाना झाली, की त्याचे काम संपते आणि पुढचा फोन वाजतो. ज्या बाईचा आक्रोश त्याने ऐकला तिचा मुलगा वाचला की नाही, हे त्याला सहसा कळत नाही. आणि पुढचा फोन थट्टेखोराचा वा शिवीगाळ करणाऱ्याचा असला, तरी त्याच्या पुढचा खरा असेल या जाणिवेने त्याला आवाज मृदूच ठेवावा लागतो. आपल्या भावना आवरून दुसऱ्यास धीर देणे हेदेखील श्रमच आहेत, ही गोष्ट अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातील सेविकांच्या कामाचा अभ्यास करून 1983 साली मांडली. तेथे प्रवाशांच्या सुखसोयीचा प्रश्न होता, येथे प्राणांचा आहे.

म्हणून अशा कर्मचाऱ्याच्या मनोधैर्याची काळजी ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी समजू नये. व्यापारी कॉल सेंटरात एका फोनमागे किती सेकंद गेले याचा हिशेब ठेवतात. तीच मोजपट्टी येथे लावली, तर धीराने पत्ता विचारणारा कामचुकार ठरेल आणि अर्धवट ऐकून गाडी भलत्याच वाटेला लावणारा तत्पर ठरेल. दारुण फोनानंतर थोडी उसंत, मन मोकळे करावयास जाणता वरिष्ठ, रुग्णाचे पुढे काय झाले याची दोन ओळींची खबर, वेळेवर पगार आणि मक्तेदार बदलला तरी नोकरी राहील अशी हमी, एवढ्या गोष्टी त्याच्या हक्काच्या मानाव्यात. स्त्रियांच्या रात्रपाळीसाठी त्यांची संमती आणि घरापर्यंत सुरक्षित वाहन या अटी महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने घातल्या आहेत. मनाच्या थकव्याचा बंदोबस्त करण्यासही त्याच स्पष्टतेने नियम व्हावेत. रुग्णवाहिकांच्या संख्येबरोबर या माणसांच्या विश्रांतीची तरतूदही शासनाने मक्त्याच्या शर्तींत लिहून घ्यावी, कारण खिंडीत पडलेल्या जखमीचे पहिले औषध म्हणजे सावधपणे ऐकणारा माणूस होय.